पोस्ट-रॉक : विसाव्यासाठी श्रवण

पोस्ट-रॉक हा रॉकच्याच वाद्यांवर वाजणारा, पण रॉकची चौकट मोडणारा संगीतप्रकार. गिटार, बास, ड्रम तेच. मात्र मुखडा-अंतऱ्याची बांधणी नसते आणि बहुतेकदा गायकही नसतो. दिवसभराचा शीण घालवायला, दिवे मालवून, डोळे मिटून हे संगीत ऐकणाऱ्यांची संख्या मोठी आहे. वरवर पाहता हे विचित्रच, कारण यातल्या कित्येक रचना शेवटाकडे कानठळ्या बसवतात.

ही संज्ञा ब्रिटिश समीक्षक सायमन रेनॉल्ड्स यांनी १९९४ मध्ये रूढ केली. गिटारचा उपयोग रिफसाठी, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या ठसकेबाज सुरावटीसाठी, न करता नादाचा पोत विणण्यासाठी करणे, हे लक्षण त्यांनी नेमके हेरले. प्रकार मात्र त्याआधीच अंकुरला होता. 'टॉक टॉक' या इंग्लिश बँडचा 'स्पिरिट ऑफ ईडन' (१९८८) आणि अमेरिकेतील 'स्लिंट'चा 'स्पायडरलँड' (१९९१) हे अल्बम त्याचे पूर्वज मानले जातात. पैकी पहिल्याचे ध्वनिमुद्रण लंडनच्या स्टुडिओत जवळजवळ अंधारात झाले. तो अंधारातच ऐकावा असे अनेकांना वाटते, ते उगीच नव्हे.

शब्द नसले की मन अर्थाच्या मागे धावत नाही, हे विसाव्याचे उघड कारण. पण खरी किमया चढणीत आहे. टेक्सासमधील 'एक्स्प्लोजन्स इन द स्काय'च्या २००३ च्या अल्बमची सुरुवात पाहा : गिटारचा एकच उंच स्वर पुन्हा पुन्हा टिचकतो, मग बास ड्रमचा ठोका हृदयाच्या ठोक्यासारखा त्याखाली येतो. दुसरी गिटार सामील होते. वाजलेला स्वर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणाऱ्या डिले पेडलमुळे प्रत्येक स्वर स्वतःच्या प्रतिध्वनीवर रेलून उभा राहतो, रिव्हर्बच्या घुमाऱ्यामुळे खोली मोठी झाल्यासारखी वाटते. पुढे एकच स्वर झरझर छेडण्याची ट्रेमोलोची पद्धत आवाज दाट करत नेते. ऐकणाऱ्याला पुढे काय होणार याची चाहूल असते, फक्त केव्हा ते ठाऊक नसते. ताण हळूहळू साठतो आणि लाट फुटली की उतरतो. खांदे सैल पडतात ते इथे, शांत भागात नव्हे.

अँबियंट, म्हणजे वातावरणासारखे पार्श्वभूमीला वाजत राहणाऱ्या, संगीताशी म्हणूनच याची गल्लत करू नये. इंग्लिश संगीतकार ब्रायन ईनो यांच्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'कडे (१९७८) दुर्लक्ष केले तरी चालते. ते तशाच हेतूने रचलेले आहे. पोस्ट-रॉक पार्श्वभूमीला लावले तर त्याची निम्मी गंमत जाते, आणि काम करताना लावले तर ते मध्येच काम थांबवते.

सगळे पोस्ट-रॉक विसाव्याच्या कामाचेही नाही. माँट्रियलच्या 'गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर'चा १९९७ चा अल्बम जळणारी गाडी आणि भ्रष्ट सरकार यांविषयीच्या स्वगताने उघडतो. ग्लासगोच्या 'मोग्वाय'च्या त्याच वर्षीच्या 'यंग टीम'मधील 'लाइक हेरॉड' तर सापळाच. कुजबुजणाऱ्या बासवर कान विसावलेले असताना गिटारी एकदम अंगावर येतात. शांत भाग ऐकू यावा म्हणून आवाज वाढवून ठेवलेला असेल, तर पेंगुळलेला माणूस ताडकन उठून बसतो. उपाय सोपा : आवाज आधी सर्वांत मोठ्या भागावर बेतावा आणि शांत भाग हळूच राहू द्यावा. आवाज आपोआप सपाट करणारी सेटिंग टाळावी. तिने चढणच नाहीशी होते.

नवख्याला आइसलँडचा 'सिगुर रोस' बहुधा अधिक मानवतो. त्यांचा गायक योन्सी सेलोच्या गजाने गिटार वाजवतो, आणि 'व्होनलेन्स्का' या निरर्थक अक्षरांच्या बोलीत गातो. गळा आहे, अर्थाचे ओझे नाही. २००२ च्या त्यांच्या अल्बमचे नाव म्हणजे नुसता कंस. आतील आठही रचना निनावी आहेत आणि पुस्तिकेची पाने कोरी. पहिल्या चार रचना उजळ, नंतरच्या चार काळोख्या. मध्ये सुमारे अर्ध्या मिनिटाची शांतता. शफल लावून ऐकले की ही शांतता भलत्याच ठिकाणी येते आणि ऐकणारा फोन बिघडला की काय म्हणून उठून पाहतो.