बोबा फेटच्या हेल्मेटवरचा पोचा

‘स्टार वॉर्स’ सिनेमांतला बोबा फेट हा इनामासाठी माणसं पकडून देणारा शिकारी. त्याच्या हेल्मेटवर, कपाळाच्या वरच्या भागात, एक खोल पोचा आहे. तो कधी पडला, कोणी पाडला, हे १९८० साली आलेल्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये कोणीच सांगत नाही. या पात्राला त्या अख्ख्या सिनेमात मोजून चार वाक्यं आहेत. चेहरा एकदाही दिसत नाही. तरीही हा माणूस बरंच काही पाहून आलाय, हे प्रेक्षकाला पहिल्याच दृश्यात कळतं, कारण त्याच्या वतीने त्याचं चिलखत बोलत असतं. हिरव्या रंगाच्या उडालेल्या खपल्या, त्याखालून डोकावणारी चंदेरी चकाकी, कडांवर बसलेला मळ, चिंध्या झालेली खांद्यावरची झूल. आज जगभरातले हौशी कारागीर महिनोन्‌महिने खपून हेच चिलखत घरी बनवतात. कुठली खपली नेमकी कुठे आणि केवढी, यावर त्यांच्यात तासन्‌तास खल चालतो. तो नाद कुठून आला हे समजून घ्यायचं, तर बरंच मागे जावं लागतं.

विज्ञानकथेतला पोशाख अंगावर चढवून चारचौघांत फिरण्याची पहिली ठळक नोंद १९३९ची आहे. त्या वर्षी जुलैमध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथेच्या वाचकांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं तिथे भविष्यकाळातले कपडे घालून आले. दोघांचे पोशाख मर्टलनेच शिवले होते. फ्रँक पॉल या चित्रकाराची मासिकातली चित्रं आणि १९३६चा ‘थिंग्ज टू कम’ हा सिनेमा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. पुढच्याच वर्षी शिकागोच्या संमेलनात वेशभूषेचा रीतसर कार्यक्रम झाला आणि प्रथा पडून गेली. अशा वेशभूषेसाठी आज वापरतात तो ‘कॉस्प्ले’ हा शब्द मात्र खूप नंतरचा. तो जपानमध्ये १९८३ साली नोबुयुकी ताकाहाशी यांच्या एका मासिकातल्या लेखातून रूढ झाला. माझ्या मते या कलेचं मूळ श्रेय मर्टल डग्लसचं आहे, आणि ते तिला पुरेसं दिलं जात नाही.

पण तिने शिवलेले कपडे कोरे करकरीत होते. त्या काळात पडद्यावरचं आणि मुखपृष्ठांवरचं भविष्यही तसंच कोरं असे. रॉकेट आरशासारखं लखलखीत, पोशाखाला एक सुरकुती नाही. भविष्य म्हणजे नवं, आणि नवं म्हणजे स्वच्छ, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

ही समजूत मोडायला १९७७ साल उजाडावं लागलं. पहिल्या ‘स्टार वॉर्स’साठी दिग्दर्शक जॉर्ज लुकस यांना वापरलेलं, झिजलेलं विश्व हवं होतं. अंतराळयानं तेलकट, यंत्रमानव धुळीने माखलेले, भिंतींवर ओघळ. वेशभूषेसाठी त्यांनी नेमले जॉन मोलो. मोलो हे लष्करी गणवेशांच्या इतिहासाचे जाणकार. सैनिकाचा गणवेश कुठे झिजतो, पट्टा कुठे घासतो, धूळ कुठल्या घडीत बसते, हे ठाऊक असलेला माणूस अंतराळयुद्धाचे कपडे करायला बसला, आणि मला वाटतं पुढचं सगळं त्या एका निवडीतून आलं. या कामासाठी मोलोंना ऑस्कर मिळालं.

स्टॉर्मट्रूपर म्हणजे सिनेमातल्या खलनायकांच्या फौजेतला शिपाई. त्याच्या पांढऱ्या चिलखताची कल्पनाचित्रं चित्रकार राल्फ मॅक्वारी यांची. अंगावरच्या भागांचं मूळ शिल्प ब्रायन मुइर यांनी घडवलं. हेल्मेटचं मातीतलं रूप निक पेम्बर्टन यांनी केलं आणि त्यावरून लंडनच्या ट्विकनहॅम भागातल्या अँड्र्यू एन्सवर्थ यांनी प्लॅस्टिकची ५० हेल्मेटं काढली, असं नंतरच्या न्यायालयीन निकालात नोंदलं आहे. पद्धत व्हॅक्यूम फॉर्मिंगची. प्लॅस्टिकचा सपाट पत्रा तापवायचा, तो मऊ पडून मधोमध झोळ धरू लागला की साच्यावर ओढायचा आणि खालून हवा शोषून घ्यायची. पत्रा क्षणात साच्याला चिकटतो. काम स्वस्त आणि झटपट, म्हणून निवडलेलं. घाईचे डाग त्यात राहिलेच. डावी-उजवी बाजू जुळत नाही, कडा ओबडधोबड, काही रेषा हाताने रंगवलेल्या. आजचे अस्सल नक्कलकार हेच दोष जिवापाड जपतात. कोणी संगणकावर दोन्ही बाजू सारख्या केलेलं हेल्मेट घेऊन आलं, की जाणकार लांबूनच मान हलवतात.

चित्रीकरण मार्च १९७६मध्ये ट्युनिशियाच्या वाळवंटात सुरू झालं. तिथल्या दृश्यांतले शिपाई मुद्दाम मळवलेले आहेत. चाहते त्यांना सँडट्रूपर म्हणतात. चिलखत तेच पांढरं, पण त्यावर वाळवंटाची तांबूस-पिवळी पुटं, आणि खांद्यावर एक वेगळं कातडी कवच. हौशी मंडळींच्या वेदरिंगची ही पहिली शाळा म्हणायला हरकत नाही.

वेदरिंग म्हणजे नव्या वस्तूवर ऊन-पाऊस-धूळ-झटापटीच्या खुणा हाताने उमटवणं. सिनेमाच्या वेशभूषा विभागात यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेलेला पदार्थ आहे फुलर्स अर्थ. म्हणजे आपली मुलतानी माती. आपल्याकडे जी चेहऱ्याला लेप म्हणून लावतात, तीच. बारीक, फिकट, कापडाच्या धाग्यांत आणि प्लॅस्टिकच्या खाचांत सहज बसणारी, झटकली तरी थोडी मागे राहणारी. मी पहिल्यांदा खांद्याच्या कवचावर ती मऊ ब्रशने थापली तेव्हा स्वयंपाकघरातून आईने विचारलं, ‘‘माझा डबा कुठे नेलास रे?’’ कवच उन्हात धरलं तर खरंच कुठून तरी चालत आल्यासारखं दिसत होतं.

आता पुन्हा बोबा फेट. मुळात हे चिलखत एका माणसासाठी नव्हतंच. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ या दुसऱ्या सिनेमाची आखणी चालू असताना मॅक्वारी आणि जो जॉनस्टन या चित्रकारांनी खास सैनिकांच्या तुकडीसाठी पांढरं शुभ्र चिलखत आखलं होतं. जून १९७८मध्ये त्याची कॅमेऱ्यासमोर चाचणीही झाली. पुढे तुकडीची कल्पना बारगळली आणि त्या वेशातून एकच इनामी शिकारी उभा राहिला. सप्टेंबर १९७८मध्ये, सिनेमा यायच्या सुमारे पावणेदोन वर्षं आधी, कॅलिफोर्नियातल्या सॅन अँसेल्मो गावच्या जत्रेच्या मिरवणुकीत तो सिनेमातला मुख्य खलनायक डार्थ व्हेडर याच्याबरोबर चालला. तोवर पांढरा रंग गेला होता.

रंगाची किमया जॉनस्टन यांची. चिलखताचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा होता. तो त्यांनी असा रंगवला की तुकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळवून एकत्र बांधल्यासारखे वाटावेत. छातीच्या पट्ट्या हिरव्या, खांदे आणि गुडघे पिवळट, हेल्मेटच्या दर्शनी पट्टीभोवती लालसर मातकट. त्यावर चरे, खपल्या, काजळी. एका साच्यातून निघालेल्या वस्तूला त्यांनी नुसत्या ब्रशने आयुष्य दिलं. वेदरिंग म्हणजे मळवणं नव्हे, पात्र लिहिणं, हे मी शिकलो ते इथूनच.

चाहत्यांना मात्र हे सगळं पडद्यावर काही सेकंद दिसायचं. व्हिडिओ कॅसेट थांबवून, धूसर चित्रावर नाक टेकवून लोक खपल्या मोजायचे. बाजारात अधिकृत हेल्मेटं होती, पण ती ढोबळ होती. फरक पडला १९९७ साली. त्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात या सिनेमांच्या मूळ वस्तूंचं प्रदर्शन उघडलं. लोक कॅमेरे घेऊन गेले आणि काचेपलीकडच्या वस्तूंचे चहूबाजूंनी फोटो काढून आले. त्याच वर्षी दक्षिण कॅरोलायनात अल्बिन जॉन्सन यांनी ५०१वी लिजन सुरू केली. ही पडद्यावरच्या खलनायकांचे पोशाख करणाऱ्यांची संघटना. सभासद व्हायचं तर पोशाख ठरलेल्या निकषांवर उतरावा लागतो, फोटो तपासले जातात, पट्टा किती रुंद इथपर्यंत. आणि हे पोशाख घालून ही माणसं मुलांच्या रुग्णालयांत जातात, मदतनिधी उभा करतात. १ जानेवारी २००७ला पॅसाडीनाच्या प्रसिद्ध रोझ परेडमध्ये त्यांचे सुमारे दोनशे सभासद पांढऱ्या चिलखतात चालले, तेही लुकस यांच्या निमंत्रणावरून. घरात बसून कापलेलं प्लॅस्टिक तिथवर पोचलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

नक्कल करणाऱ्यांच्या डोक्यावर कायद्याची टांगती तलवार होतीच. ज्यांनी मूळ हेल्मेटं काढली त्या एन्सवर्थ यांनीच २००४पासून ती पुन्हा बनवून विकायला घेतली, आणि लुकस यांच्या लुकसफिल्म कंपनीने त्यांना कोर्टात खेचलं. प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २७ जुलै २०११ला निकाल लागला. हेल्मेट हे कायद्याच्या अर्थाने शिल्प नाही, सिनेमाच्या निर्मितीत वापरायची ती उपयोगाची वस्तू आहे, म्हणून ब्रिटनमध्ये तिला शिल्पासारखं दीर्घ कॉपीराइटचं संरक्षण नाही, असं न्यायालय म्हणालं. अमेरिकी कॉपीराइटच्या उल्लंघनाचा दावा मात्र इंग्लंडच्या कोर्टात चालू शकतो, हेही त्याच निकालात ठरलं. मला त्यातला मूळ प्रश्न मोलाचा वाटतो: ज्या वस्तूकडे बघून हजारो माणसं हात चालवायला शिकली, ती शिल्प नाही तर काय?

साहित्यातही मधल्या काळात मोठी उलथापालथ झाली. व्हॅक्यूम फॉर्मिंगचं यंत्र आणि साचे सगळ्यांच्या आवाक्यात नव्हते. जपानमधल्या पेपाकुरा या सॉफ्टवेअरने त्रिमितीय आकार कागदावर उलगडून देण्याची सोय केली. जाड कागद कापायचा, दुमडायचा, चिकटवायचा, वर रेझिन आणि फायबरग्लास, मग पुट्टी आणि हात दुखेपर्यंत पॉलिशपेपर. २००१मध्ये आलेल्या ‘हेलो’ या व्हिडिओ गेममधलं हिरवं चिलखत असंच घराघरांत उभं राहिलं. पाठोपाठ ईव्हीए फोम आला. जमिनीवर अंथरायच्या, एकमेकांत अडकणाऱ्या त्या मऊ चटया. हीट गनने शेकला की वळतो, गार झाला की तो आकार धरतो. आणि २००९मध्ये थ्रीडी प्रिंटिंगच्या एका मूळ पेटंटची मुदत संपल्यावर प्रिंटर स्वस्त होत गेले. आता हेल्मेटची फाइल मिळते, यंत्र रात्रभर थर चढवत बसतं. घासणं मात्र माणसालाच करावं लागतं.

मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्स आणि सिनेमांच्या चाहत्यांच्या मेळाव्यात, दिसणारी बरीच चिलखतं याच फोमची आणि प्रिंटची असतात. कॉमिक कॉन इंडिया २०११मध्ये दिल्लीत सुरू झालं, मग मुंबईत आलं. आपल्या हवेत या कामाची वेगळीच परीक्षा असते. जुलैत मी हेल्मेटवर मारलेला स्प्रे तीन दिवसांनीही चिकट होता आणि उचलताना अंगठ्याचा ठसा उमटला. तेव्हापासून रंगकाम दिवाळीनंतरच.

साधनं बदलली, पण खपली बनवायची रीत थरांचीच राहिली. आधी चंदेरी रंग, हा धातू. तो पूर्ण वाळला की जिथे ओरखडा हवा तिथे मास्किंग फ्लुइडचे, म्हणजे वरचा रंग खाली बसू न देणाऱ्या द्रवाचे, बारीक ठिपके. ते नसेल तर चक्क मस्टर्ड सॉस किंवा टूथपेस्ट. त्यावर प्राइमरसारखा करडा, पुन्हा ठिपके, आधीच्यापेक्षा जरा पसरट. सगळ्यावर हिरवा. वाळल्यावर बोटाने किंवा ओल्या फडक्याने ठिपके उचलायचे. आता खपलीच्या मधोमध चंदेरी दिसतं, भोवती करड्याची बारीक किनार, बाहेर हिरवं, जुन्या एसटीच्या पत्र्यावर दिसतं तसं. नवखा माणूस हिरव्यावर चंदेरी ब्रश फिरवतो, आणि ते वर लावलेलं आहे हे लगेच कळतं. नंतर पाण्यात पातळ केलेला काळा-तपकिरी अ‍ॅक्रिलिक खाचांत सोडायचा आणि उंचवट्यावरून पुसून घ्यायचा. कडांवर पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळली की उघड्या लोखंडाची झाक येते. शेवटी मुलतानी माती.

चुकतं ते खुणा कुठे करायच्या यात. सगळीकडे सारखा मळ थापला की चिलखत चिखलात पडल्यासारखं दिसतं, जगल्यासारखं नाही. बंदूक उजव्या हातात असेल तर पट्टा कुठे घासेल? वाकताना छातीची कोणती कड पोटाच्या पट्टीला लागेल? प्रिंटचे थर घासायचा कंटाळा आला म्हणून त्यावर गंज रंगवणं मला अजिबात पटत नाही.

२०१९च्या नोव्हेंबरात ‘स्टार वॉर्स’च्याच विश्वातली ‘द मँडलोरियन’ मालिका आली आणि या हौसेला नवं उधाण आलं. तिथला नायक सुरुवातीला जुनाट, विजोड तुकड्यांत वावरतो आणि लवकरच चकचकीत चंदेरी चिलखतात येतो, त्यामुळे कारागिरांना अचानक उलटी विद्या शिकावी लागली. आरशासारखा पृष्ठभाग काढायचा तर एक चराही लपत नाही. मग डिसेंबर २०२०मध्ये त्याच मालिकेत बोबा फेटला त्याचं चिलखत परत मिळालं, आणि पुढच्याच भागात तो ते नव्याने रंगवून उभा राहिला. हिरवा गडद, कडा नीटस, खपल्या गायब. ज्यांनी वीस-वीस वर्षं त्या खपल्यांचे नकाशे काढले होते त्यांना ते जिव्हारी लागलं. मी तो भाग थांबवून हेल्मेट जवळून पाहिलं. रंग नवा होता, पोचा तिथेच होता.