संशय कुठून आला, आणि कुठे थांबला

कोकणात नवी योजना जाहीर झाली की एसटी स्टँडवर पहिली प्रतिक्रिया येते, 'काय होवचा नाय.' काहींच्या तोंडी ती निव्वळ निराशा असते: सगळे सारखेच, प्रत्येक जण आपली पोळी भाजून घेणार. काहींच्या तोंडी तो अनुभवावरून केलेला हिशेब असतो. ऐकायला दोन्ही सारखेच वाटतात. पण पहिला माणूस घरी जातो आणि दुसरा कागद मागतो.

माणसांच्या हेतूंवर अविश्वास ही जुनीच वृत्ती. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीसमधला डायोजेनिस भर दिवसा दिवा घेऊन माणूस शोधत फिरे, अशी आख्यायिका आहे. मात्र त्याचा राग ढोंगावर होता. चांगलं जगता येतं यावर त्याचा विश्वास होता. त्याच्या पंथाच्या नावावरून 'सिनिक' हा शब्द आला, पण पुढे त्याचा 'सगळे स्वार्थीच' मानणारा एवढाच अर्थ उरला.

कोकणातल्या संशयाला मात्र जमिनीचा इतिहास आहे. १८८०च्या कायद्याने खोतांच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारला भरणाऱ्या जमीनदारांच्या, हक्कांना चौकट मिळाली. पीक काढायचं कुळाने आणि त्यातला मोठा वाटा जायचा खोताकडे. वर वेठही. वाचता न येणारं कूळ कबुलायतीवर, म्हणजे जमीन कसण्याच्या करारावर, अंगठा उठवायचं आणि त्यात काय लिहिलंय ते नंतर कळायचं. अशा गावात गोड बोलणाऱ्याकडे संशयाने पाहणं हा शहाणपणाच होता.

म्हणूनच अलिबाग तालुक्यातल्या चरीचा संप मला फार मोलाचा वाटतो. १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी जमीन कसायचीच नाही असं ठरवलं, आणि ते १९३९पर्यंत टिकवलं. सहा वर्षं शेतं ओस. जंगलातून लाकूडफाटा आणून, विकून लोकांनी पोट भरलं. जमीनदार आपण होऊन सुधारेल या भ्रमात ही माणसं नव्हती. 'सगळेच स्वार्थी' हे त्यांनी खरं मानलं असतं, तर शेजारी उद्या फुटेल या भीतीनेच संप महिन्याभरात मोडला असता. मालकाबद्दल भ्रम नाही आणि शेजाऱ्यावर मात्र भरवसा: वास्तववाद म्हणतात तो हाच. डॉ. आंबेडकरांनी या संपाला पाठिंबा दिला, १९३७मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि जानेवारी १९३८मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. १९३९च्या कायद्याने कुळांना संरक्षण मिळालं. खोती मात्र १९४९च्या कायद्यानेच गेली.

रेल्वेची गोष्ट थोडक्यात. कोकणात गाडी येणार, हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकून लोकांचे कान किटले होते. १९९०मध्ये महामंडळ झालं आणि २६ जानेवारी १९९८ला रोहा ते मंगळूर मार्ग सुरू झाला. नाथ पै, मधू दंडवते यांनी ती मागणी वर्षानुवर्षं संसदेत लावून धरली होती.

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला सुरुवात होऊन दशक उलटून गेलं, तरी काम रेंगाळतच राहिलं. सरकारवर विश्वास नसलेलीच काही माणसं त्यासाठी उच्च न्यायालयात गेली, आणि तिथे सरकारला तारखा द्याव्या लागल्या.