आघाडीवर न पोहोचलेली १६३वी पलटण

पहिल्या महायुद्धात कॅनडाने अडीचशेहून जास्त पायदळ बटालियन उभ्या केल्या. त्यांत फ्रेंच भाषकांच्या डझनभर होत्या, पण फ्रान्सच्या आघाडीवर फ्रेंच बोलणारी पलटण म्हणून लढली ती एकटी २२वी. बाकीच्या वाटेतच मोडल्या गेल्या. १६३वी त्यांतलीच एक, आणि तिची कहाणी मला सगळ्यांत जास्त चटका लावते.

१९१४ साली युद्धमंत्री सॅम ह्यूज यांनी वालकार्तिएच्या छावणीत पहिली फौज जमवली. छावणी फ्रेंच भाषकबहुल क्युबेक प्रांतातलीच, तरी फ्रेंच भाषक स्वयंसेवकांना इंग्रजी बटालियनमध्ये इकडेतिकडे विखुरलं गेलं. हुकूम इंग्रजीत, कवायत इंग्रजीत. माँट्रियलचे डॉक्टर आर्तुर मिन्यो यांनी स्वतःचे ५०,००० डॉलर देऊ केले, सरकारच्या मागे लागले, तेव्हा कुठे ऑक्टोबर १९१४ मध्ये २२व्या बटालियनला मंजुरी मिळाली. त्याआधीची एक जखमही भळभळत होतीच. शेजारच्या, इंग्रजीबहुल ओंटारिओ प्रांताच्या सरकारच्या १९१२ च्या १७व्या नियमाने शाळेच्या पहिल्या दोन वर्षांनंतर फ्रेंचमधून शिकवणं जवळपास बंद करून टाकलं होतं. घरी आपली भाषा शाळेतून हुसकली जात असताना साम्राज्यासाठी मरायचं कशाला, हा राष्ट्रवादी नेते आंरी बुरासा यांचा सवाल क्युबेकमध्ये घराघरात पोचला होता.

अशा वेळी बुरासांच्याच गोटातला एक पत्रकार भरतीला उभा राहिला, म्हणून खळबळ उडाली. ओलिवार आसलँ हा जहाल राष्ट्रवादी. १९०९ साली क्युबेकच्या विधिमंडळात ताशेरो या मंत्र्याच्या श्रीमुखात भडकावून तो तुरुंगात जाऊन आला होता. जानेवारी १९१६ मध्ये माँट्रियलच्या मोन्युमाँ नासिओनाल नाट्यगृहात त्याने आपण का लढायला निघालो ते जाहीरपणे मांडलं. ब्रिटिश साम्राज्याच्या प्रेमाने नव्हे, फ्रान्स वाचला पाहिजे म्हणून. पलटणीचं नेतृत्व त्यालाच देऊ केलं होतं. ते नाकारून त्याने बेल्जियममधल्या इप्रच्या लढाईतून आलेल्या आंरी देरोझिए यांना प्रमुख केलं आणि स्वतः मेजर म्हणून दुय्यम जागा घेतली. याला मी मोठेपणा म्हणेन. अनुभव नसलेल्या माणसाच्या हाती पोरांचे जीव जाऊ नयेत, इतकं त्याला कळत होतं.

'प्वाल-ओ-पात' (शब्दशः 'पंजांवर केस') या टोपणनावाने ही पलटण ओळखली जाऊ लागली. पण त्याच माणसांवर डोळा ठेवून आणखी फ्रेंच बटालियन भरती करत होत्या, एकमेकींचे उमेदवार ओढत होत्या. सगळ्या भरणार कशा? शेजारची २०६वी तर १९१६ च्या उन्हाळ्यातच मोडली आणि तिची बरीच माणसं १६३व्या पलटणीत आली.

लढायला आसुसलेल्या या पलटणीला मे १९१६ मध्ये पाठवलं कुठे, तर बर्म्युडाला, तिथल्या ब्रिटिश नाविक तळाची राखण करायला. इकडे सप्टेंबरमध्ये २२वी फ्रान्समधल्या कुर्सलेत गावासाठी रक्त सांडत होती आणि हे अटलांटिकच्या बेटावर पहारे देत होते. नोव्हेंबरअखेर त्यांना तिथून हलवलं, इंग्लंडला नेलं आणि जानेवारी १९१७ मध्ये १०व्या राखीव बटालियनमध्ये विलीन केलं. माणसं कुमक म्हणून वाटली गेली. खरं तर बहुतेक उशिराच्या इंग्रजी बटालियनचंही असंच झालं. पण इंग्रजी बोलणाऱ्याला कुठल्याही पलटणीत आपली भाषा ऐकू येत होती. फ्रेंच बोलणाऱ्याला तशी एकच जागा उरली.

आसलँने मेजरपद सोडून लेफ्टनंट होणं पत्करलं आणि ८७व्या बटालियनमधून तो आघाडीवर गेला, पुढे २२व्या पलटणीतही लढला. मायदेशात भरती आटली होती. ऑगस्ट १९१७ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला आणि १९१८ च्या ईस्टरला क्युबेक शहरात सैन्याने त्याविरुद्ध उठलेल्या जमावावर गोळ्या झाडल्या. चार नागरिक मारले गेले.