भाजल्याचा वण आणि घट्ट कपडा: पेशींना ओढ कशी कळते

“जखम तर भरली, कातडी आली, मग आता हा घट्ट कपडा कशाला?” भाजल्याच्या वणावर घालायचा, दाब देणारा हा कपडा आम्ही माप घेऊन शिवतो. मापाला येणारं जवळजवळ प्रत्येक घर हेच विचारतं, मग ते इंदूरच्या रामबागेतलं असो, लोकमान्य नगरातलं असो की देवासहून आलेलं. काउंटरवर उभ्या उभ्या याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

वण का फुगतो ते आधी पाहू. कातडीच्या आतल्या थरात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. जखम झाली की त्या तिथे जमतात आणि कोलॅजनचे धागे घालून खड्डा भरून काढतात. 1971 मध्ये जिनिव्हाच्या ज्युलिओ गाब्बियानी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की भरत्या जखमेतल्या या पेशींमध्ये स्नायूंसारखे आकसणारे तंतू तयार होतात. अशा पेशीला मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. जखमेचे काठ जवळ ओढून आणणं हे तिचं काम, आणि ते झालं की तिने मरून जावं अशी शरीराची व्यवस्था आहे. खोल भाजलेल्या जागी ती बरेचदा जातच नाही. ओढत राहते, धागे घालत राहते. वण जाड, लाल, खाजरा होतो. कोपर, मान, बोटं आखडतात. वांगं किंवा आंबट खाल्ल्याने हे होत नाही, हे आजीलाही सांगा.

ती जात का नाही, यात ओढीचा मोठा हात आहे. पेशी भोवतीच्या धाग्यांना इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी धरून असते आणि सतत ओढून पाहते. त्याच धाग्यांत टीजीएफ-बीटा नावाचं रसायन प्रथिनांच्या आवरणात बांधून ठेवलेलं असतं. खुंटीला बांधलेल्या गाठोड्यासारखं समजा: खुंटी हलती असेल तर ओढल्यावर सगळंच सरकत येतं, खुंटी पक्की असेल तर गाठ सुटते. 2007 मधल्या प्रयोगांत हेच दिसलं. भोवतालचा भाग मऊ असताना पेशीच्या ओढीने रसायन फारसं सुटत नाही, कडक असला की सुटतं. आणि सुटलेलं टीजीएफ-बीटा त्याच पेशीला सांगतं: अजून धागे घाल, अजून ओढ. म्हणजे वण कडक झाला की तो आणखी कडक होण्याची सोय स्वतःच करतो. यात याप नावाचं प्रथिनही सामील आहे. कडकपणाची खबर ते पेशीच्या केंद्रकापर्यंत नेतं, हे 2011 मध्ये इटलीत पादुआच्या संशोधकांनी दाखवलं.

अंगावरही याची खूण दिसते. छाती आणि खांद्याची कातडी सतत ताणलेली असते, तिथले वण जास्त फुगतात. पापणीची कातडी सैल, तिथे असा वण फार क्वचित. (कानाची पाळी मात्र हा नियम मोडते. तिथे ताण नसतानाही गाठी येतात, तेव्हा सगळंच ओढीवर घालता येत नाही.)

आता कपडा. तो साधारण 20 ते 30 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब देतो. त्याने सूज उतरते, वणाकडे येणारं रक्त थोडं कमी होतं आणि हालचालीत कातडी कमी ताणली जाते. वण पुसला जाईल असं आम्ही कुणालाही सांगत नाही. अभ्यासांत फायदा सारखा दिसलेला नाही; जो दिसला तो मुख्यतः जाडी कमी होण्यात. कपडा एकटा पुरत नाही, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम, स्प्लिंट (सांधा आखडू नये म्हणून बांधायचा आधार) आणि मालिश बरोबर हवीच.

मापाला आम्ही वेळ लावतो, त्याचं कारण आहे. कापड अवयवाच्या घेरापेक्षा 10 ते 20 टक्के कमी कापतो. पण ताण तोच असला तरी बारीक गोलाईवर दाब जास्त पडतो, मांडीवर कमी. म्हणून बोटांना आणि मांडीला एकच हिशोब चालत नाही. तळहाताचा खळगा, छातीचा मधला भाग इथे कपडा टेकतच नाही. तिथे आतून फोमची गादी शिवावी लागते. ‘थोडा सैल करा हो’ म्हणून आग्रह करू नका. सैल कपडा म्हणजे नुसता कपडा.

रोज साधारण 23 तास घालायचा. आंघोळ, मालिश आणि हातमोजा असेल तर जेवण, एवढीच सुट्टी. वण निवायला वर्ष, कधी जास्तही लागतं. इंदूरच्या मे महिन्यात हे सोपं नाही, आम्हालाही माहीत आहे. दोन जोड घ्या, एक अंगात, एक वाळत. कोमट पाणी, सौम्य साबण, सावलीत वाळवणं. पिळायचा नाही, इस्त्री नाही. तेल लावलं तर जिरू द्या, पुसा, मग घाला, कारण तेलाने लवचीक धागा लवकर मरतो. दोन-तीन महिन्यांनी कपडा ढिला पडतोच, तेव्हा पुन्हा मापाला या. लहान मुलांना त्याआधीच आणा, ती वाढतात.

बोटं निळी पडली, मुंग्या आल्या, फोड आले तर लगेच काढा आणि डॉक्टरांना दाखवा. जखम कुठे ओली असेल तर माप घेत नाही. पहिल्या खेपेला डॉक्टरांची चिठ्ठी आणा आणि शक्यतो सकाळी या, दिवसभरात सूज चढते आणि माप चुकतं.