पळालेले गुलाम आणि राज्यांचे हक्क

अमेरिकेतले यादवी युद्ध गुलामगिरीवरून नव्हे, राज्यांच्या हक्कांवरून झाले, असे ठासून सांगणारे व्हिडिओ अधूनमधून फिरत असतात. गुलामगिरी चालणाऱ्या दक्षिणेतल्या राज्यांना म्हणे केंद्राची दादागिरी नको होती. पळालेल्या गुलामांविषयीचे कायदे वाचले की हा दावा टिकत नाही.

गुलाम दुसऱ्या राज्यात पळाला तरी मुक्त होत नाही, मालकाने मागताच परत द्यायचा, हे अमेरिकेच्या घटनेतच होते. द्यायचा कोणी, हे मात्र लिहिलेले नव्हते. १७९३ च्या केंद्रीय कायद्याने हे काम केंद्राच्या न्यायाधीशांबरोबर स्थानिक दंडाधिकाऱ्यांकडेही सोपवले, कारण केंद्राचे न्यायाधीश होतेच मूठभर. पुढे पेनसिल्व्हेनियाने अशी माणसे परस्पर उचलून नेणे गुन्हा ठरवले. तिथे राहणाऱ्या मार्गारेट मॉर्गनला पळालेली गुलाम ठरवून मुलांसह मेरीलंडला नेणाऱ्या एडवर्ड प्रिगला पेनसिल्व्हेनियात शिक्षा झाली. १८४२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि राज्याचा कायदाही मोडीत काढला. पण न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी निकालात एक फट ठेवली: काम केंद्राचे, तेव्हा राज्याच्या अधिकाऱ्यांवर त्याची सक्ती नाही.

सगळी गंमत या फटीत आहे. मॅसॅच्युसेट्सने १८४३ मध्ये आपले अधिकारी आणि तुरुंग या कामाला वापरू देणेच बंद केले. कायद्याला धक्का नाही, पण तो राबवायला माणसे कुठून आणायची?

दक्षिणेने यावर मागितले ते आणखी ताकदवान केंद्र. १८५० च्या कायद्याने अशा प्रकरणांचा निकाल देणारे केंद्राचे कमिशनर आले. ज्यूरी नाही, पकडलेल्याची साक्ष नाही. माणूस मालकाच्या हवाली केला तर कमिशनरची फी १० डॉलर, सोडला तर ५. परत पाठवताना कागदपत्रे जास्त लागतात, असे त्याचे समर्थन होते! रस्त्यावरच्या नागरिकालाही पकडापकडीत मदत करायचा हुकूम देता येई.

विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. १८५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवून केंद्राचे वर्चस्व ठणकावले. राज्याच्या हक्काची भाषा इथे गुलामगिरी नसलेल्या उत्तरेच्या तोंडी होती.

डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलिना फुटून निघाले. त्याच्या जाहीरनाम्यात उत्तरेतल्या राज्यांची नावे घेऊन तक्रार आहे, की ती गुलाम परत करण्याचे केंद्रीय कायदे पाळत नाहीत. दक्षिणेच्या नव्या संघराज्याच्या घटनेने तर कोणत्याही घटकराज्यात गुलाम सोबत घेऊन जाण्याचा नागरिकांचा हक्क लिहूनच ठेवला.