हरभऱ्याची आंब आणि घाटेअळी

थंडीत हरभऱ्याचे शेंडे खुडायला गेलं की थोड्या वेळात बोटं चिकट होतात. जिभेला लावलं तर झणझणीत आंबट. अनवाणी फिरलं तर पाय चुरचुरतात. खेड्यापाड्यांत रात्री या पिकावर स्वच्छ पांढरं फडकं पसरून ठेवत आणि पहाटे दवात भिजलेलं ते फडकं भांड्यात पिळून घेत. हीच आंब. पोटदुखीवर, अपचनावर ती बाटलीत जपून ठेवलेली असायची. पण हरभरा हा आंबट घाम गाळतो तो आपल्यासाठी नव्हे, अळीसाठी.

हरभऱ्याचं पान उजेडात आडवं धरून पाहा. त्यावर बारीक लव दिसते. त्यातल्या कित्येक केसांच्या टोकाला एक सूक्ष्म ग्रंथी असते आणि तिच्यातून आम्ल पाझरतं. पानं, खोड, घाटे म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, सगळीकडे हीच लव. या स्रावात मुख्यतः दोन आम्लं असतात. मॅलिक आम्ल, जे कच्च्या सफरचंदाला आंबट करतं, आणि ऑक्झॅलिक आम्ल, जे अळूमध्येही असतं. हैदराबादजवळच्या पाटणचेरूतल्या ‘इक्रिसॅट’ या संस्थेत 1990च्या दशकात हे दोन्ही वेगवेगळे तपासले गेले. घाटेअळीची वाढ खुंटवणारं निघालं ते ऑक्झॅलिक आम्ल. आंबटपणात मॅलिकचा वाटा मोठा असला, तरी अळीला रोखण्याचं काम दुसऱ्याचं होतं.

घाटेअळीही साधी नाही. तूर, कापूस, टोमॅटो, हरभरा, काहीही तिला चालतं. तिचा पतंग एकेक सुटं अंडं घालतो. अंड्यातून निघालेली इवलीशी अळी आधी कोवळी पानं खरवडते, आणि याच वयात आम्लाचा त्रास तिला सर्वांत जास्त होतो. त्यातून जी तगली, ती मोठी होऊन घाट्याला भोक पाडते, डोकं आत खुपसते आणि अर्धं अंग बाहेर ठेवून दाणे खाते. मग शेतकऱ्याच्या हाती रिकामं टरफल येतं.

लव ओलांडली तरी झाडाचा प्रतिकार संपत नाही. अमेरिकेतले शास्त्रज्ञ क्लॅरेन्स रायन आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1972मध्ये दाखवून दिलं, की बटाट्याचं किंवा टोमॅटोचं एक पान भुंग्यांनी कुरतडलं, की न कुरतडलेल्या पानांतही एक प्रथिन साठू लागतं. हे प्रथिन किड्याच्या पोटातल्या पाचकरसांना जखडतं. पोट भरलेलं, पण अन्न पचत नाही, वाढ होत नाही. एका पानाची जखम दुसऱ्या पानाला कळते कशी, याचा एक धागा 1991मध्ये हाती लागला. टोमॅटोत फक्त 18 अमिनो आम्लांची एक छोटी साखळी सापडली, जखमेची वर्दी पुढे नेण्यात तिचा हात असतो. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, तरी झाड सावध होतं! मला हे कितीदाही वाचलं तरी नवल वाटतं.

हरभऱ्याकडेही अशी पाचकरोधक प्रथिनं आहेत. पण इथे घाटेअळी वरचढ ठरते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी 1998मध्ये दाखवलं, की तिच्या पोटातले पाचकरस हरभऱ्याची ही प्रथिनंच फोडून निकामी करतात. पिढ्यान्‌पिढ्या हरभरा खाणाऱ्या अळीला त्याचं हत्यार ओळखीचं झालेलं आहे. म्हणून त्यांनी जी झाडं तिच्या रोजच्या आहारात नाहीत, त्यांच्याकडे मोर्चा वळवला, उदाहरणार्थ चौधारी घेवडा. त्यातली प्रथिनं तिला जास्त जड गेली. तरी एकाच प्रथिनावर विसंबून भागत नाही. एक पाचकरस अडला, तर अळी दुसरा वापरते.

आंबेची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. ट्रायकोग्रामा ही डोळ्यांना जेमतेम दिसणारी गांधीलमाशी पतंगांच्या अंड्यांत आपली अंडी घालते आणि अळी जन्मण्याआधीच संपवते. इतर कित्येक पिकांत ती शेतकऱ्याची मोठी मदतनीस आहे. हरभऱ्यात मात्र तिचं फारसं चालत नाही, कारण त्या आंबट, चिकट लवेवर तिलाच वावरता येत नाही. शत्रूसाठी पसरलेला काटा मित्राच्याही पायात मोडतो.

तिच्याहून मोठी असलेली कॅम्पोलेटिस ही दुसरी गांधीलमाशी या आंबेला जुमानत नाही. ती लहान अळीच्या अंगातच अंडं घालते. त्यातून निघालेला जीव अळीला आतून पोखरतो, आणि ती घाट्यापर्यंत पोचण्याइतकी मोठी होण्याआधीच मरते. हरभऱ्याच्या डहाळीवर कधी काळे-पांढरे ठिपके असलेला भाताच्या दाण्याएवढा कोश दिसला, तर तो खुडू नका. तो तिचाच असण्याची शक्यता मोठी.