सॅलिकॉर्निया

सॅलिकॉर्निया : (कुल–ॲमरँटेसी). भरती-ओहोटीच्या चिखलात आणि खाऱ्या सरोवरांच्या काठी उगवणाऱ्या मांसल, लवणसह (खारटपणा सोसणाऱ्या), वर्षायू (एका वर्षात जीवनक्रम संपवणाऱ्या) वनस्पतींची प्रजाती (जवळच्या जातींचा गट). चाकवत, पालक व बीट ही तिची नातलग. या सर्वांचे पूर्वी चिनोपोडिएसी हे स्वतंत्र कुल मानीत. आता ते ॲमरँटेसी कुलात समाविष्ट करतात.

झाड सामान्यतः वीतभर उंचीचे. पहिल्या नजरेस पाने दिसतच नाहीत. हिरवी, रसाळ, सांध्यासांध्यांची कांडी तेवढी दिसतात. समोरासमोरची पाने तळाशी एकमेकांना जुळलेली असून त्यांची केवळ खवल्यांसारखी टोके मोकळी राहतात. कांड्याभोवतीचा मांसल भाग पानांपासून झालेला की मूळ खोडाचाच, यावर शारीरविज्ञांत दीर्घकाळ मतभेद होते. पानांचा वाटा मानणारे मत अधिक सयुक्तिक वाटते. फुले फार लहान, बिनपाकळ्यांची, बहुधा तीन-तीनच्या गटाने कांड्यातील खळग्यांत रुतलेली. केसरदले एक किंवा दोन. बियांवर बारीक केस असतात.

नावाची व्युत्पत्ती सहसा लॅटिन ‘साल’ (मीठ) आणि ‘कॉर्नू’ (शिंग) या शब्दांपासून देतात. कांड्यांच्या शिंगासारख्या टोकांकडे पाहता ती पटते. तथापि, जाळल्यावर राखेतून सोडा (सोडियम कार्बोनेट) देणाऱ्या वनस्पतींसाठी दक्षिण फ्रान्समध्ये ‘सालिकोर’ हा शब्द रूढ होता. त्यामुळे लॅटिन फोड मागाहून बसवलेली असावी, ही शंकाही अगदीच टाकाऊ नाही.

वर्गीकरणाचा प्रश्न याहून बिकट आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये सॅलिकॉर्निया यूरोपीया ही जाती नोंदवताना वर्षायू आणि झुडपी, दोन्ही रूपे तिच्यात घेतली होती. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ ए. जे. स्कॉट यांनी १९७०–८० या दशकात बहुवर्षायू जाती वेगळ्या काढून त्यांची सार्कोकॉर्निया ही प्रजाती केली. वर्षायूंमध्ये मधले फूल बाजूच्या दोघांपेक्षा वर असते, त्यामुळे त्रिकोण दिसतो. बहुवर्षायूंमध्ये तिन्ही फुले साधारण एका ओळीत असतात. रेणवीय अभ्यासानंतर अलीकडे काहींनी दोन्ही प्रजाती पुन्हा एकत्र केल्या आहेत. प्रस्तुत नोंदीत सोयीसाठी जुना, मर्यादित (केवळ वर्षायू जातींचा) अर्थ घेतला आहे. त्यानुसार जाती सुमारे २५ ते ३० भरतात, पण हा आकडा लेखकागणिक बदलतो. कारण उघड आहे: ज्या अवयवांवरून जाती ओळखाव्यात ते पाने-पाकळ्यांसारखे अवयव येथे अगदी खुरटलेले किंवा नाहीसे झालेले आहेत. शिवाय एकाच जातीचे झाड दाटीत सरळसोट आणि मोकळ्या जागी फांद्याळ वाढते. वाळवलेल्या नमुन्यात तर मांसल कांड्यांचा आकारच उरत नाही. गुणसूत्रांचा काहीसा आधार मिळतो. सॅ. यूरोपीया द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच, एकूण १८), तर सॅ. प्रोकंबेन्स चतुर्गुणित (चार संच, एकूण ३६) आहे. मात्र सॅ. पेरेनान्स हीही द्विगुणितच असून बाह्य रूपावरून तिला सॅ. यूरोपीयापासून वेगळे करणे जवळजवळ अशक्य आहे. ‘पेरेनान्स’चा अर्थ ‘वर्षानुवर्षे टिकणारी’. वनस्पती मात्र वर्षायूच.

यूरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावरील खारदलदलींत समुद्राकडच्या उघड्या चिखलावर सर्वांत पुढे जी मोजकी झाडे वस्ती करतात त्यांत सॅलिकॉर्निया असते. तिथे रोज भरतीचे पाणी येते, त्यामुळे रोप रुजणे हीच कसोटी. वेल्समधील डव्ही नदीच्या मुखाशी केलेल्या, १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, बी रुजल्यावर मूळ धरायला रोपाला दोन-तीन दिवस लाटांपासून उसंत लागते. समुद्रापासून दूर, यूरेशिया व उत्तर अमेरिकेच्या अंतर्भागातील खारवट जमिनींवरही काही जाती आढळतात. शरद ऋतूत बीटासारख्याच बीटासायनिन रंगद्रव्यांमुळे झाडे लाल होतात. जपानमधील होक्काइदो बेटावरच्या नोतोरो सरोवराचा काठ त्यासाठी प्रसिद्ध आहे.

मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी सॅलिकॉर्नियात नसतात. सोडियम व क्लोराइड कोशिकांतील रिक्तिकांमध्ये (द्रवाने भरलेल्या पोकळ्यांमध्ये) साठवले जाते आणि कोशिकाद्रव्यातील तर्षण दाब (पाणी ओढून घेणारा दाब) ग्लायसीन बीटाइनसारख्या द्रव्यांनी सांभाळला जातो. अनेक जातींची वाढ गोड्या पाण्यापेक्षा मध्यम खारट पाण्यात चांगली होते. बी रुजण्यास मात्र खारटपणा उतरलेला बरा.

झाडे जाळून उरलेल्या राखेतील सोडा पूर्वी काच व साबण करण्यासाठी वापरीत. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लब्लां यांच्या १७९१ मधील कृतीने मिठापासून सोडा मिळू लागल्यावर हा व्यवसाय हळूहळू मागे पडला. कोवळे शेंडे यूरोपात भाजी म्हणून खातात. उत्तर अमेरिकेतील सॅ. बिगेलोव्ही हिच्या बियांत सुमारे २६ ते ३३ टक्के तेल असते. मेक्सिकोच्या सोनोरा किनाऱ्यावर समुद्राच्या पाण्यावर तिचे पीक घेण्याचे प्रयोग झाले. त्यांचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतात सॅ. ब्रॅकिएटा ही जाती गुजरात व पूर्व किनाऱ्यावर खारजमिनींत आढळते. भावनगर येथील केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने तिच्यापासून वनस्पतिजन्य मीठ तयार केले, तसेच तिच्यातील लवणसहिष्णुतेशी निगडित जनुकांवरही तिथे काम झाले आहे. जुन्या भारतीय नोंदींत हिची आणि सांधेदार, पण बहुवर्षायू असलेल्या आर्थ्रोक्नीमम इंडिकमची गल्लत होण्याचा संभव लक्षात ठेवावा. कोकणात खाजणातून भाजीसाठी खुडतात ती ‘मोरस’ (सुएडा मॅरिटिमा) मात्र वेगळी. तिला बारीक, गोलसर पण स्पष्ट पाने असतात.